शनिवारची अकरा तिकिटं

दिवसाला चाळीस माणसं आणि माणशी तीन मिनिटं, एवढाच त्रिशला चौगुलेच्या नोकरीचा पसारा होता. पुण्यात बाणेरला 'शुभांक' लॉटरी कंपनीच्या सहाव्या मजल्यावर ती 'संरक्षण अधिकारी' होती. पद ऐकायला भारदस्त. सासरची मंडळी पहिली दोन वर्षं तिला पोलीस खात्यातलीच समजत होती.

ज्यांचं तिकीट घेणं हाताबाहेर गेलंय असं यंत्राला वाटे, त्यांची नावं तिच्या पडद्यावर यायची. खातं बंद करायचं की नाही हे यंत्रानं नव्हे, माणसानं ठरवावं, असा कायदा होता. तो माणूस म्हणजे त्रिशला. शेऱ्याच्या चौकटीत 'बंद. मान्य.' लिहायचं, अंगठा टेकवायचा, पुढचं नाव. शेरे यंत्र वाचतं आणि त्यातून शिकतं, हे तिला ठाऊक होतं. पण या दोन शब्दांतून ते बिचारं काय शिकणार. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती घरी जाऊन रडायची, दुसऱ्या वर्षी नवऱ्यावर खेकसायची, आणि आता नवव्या वर्षी नुसती दमायची.

यंत्राचं नाव 'उंबरठा'. ते काय करायचं हे कळायला लॉटरीचं बक्षीस कसं वाढतं ते आधी समजून घ्यावं लागेल. सहा आकडे निवडायचे. सहाच्या सहा जुळले तर महाबक्षीस. कुणाचेच जुळले नाहीत तर ती रक्कम पुढच्या शनिवारच्या रकमेत मिसळते. रक्कम फुगली की बातमी होते, बातमी झाली की एरवी तिकिटाकडे ढुंकूनही न बघणारे रांगेत येतात, आणि त्यांच्या पैशानं ती आणखी फुगते. शेवटी इतकी तिकिटं खपतात की कुणाचा तरी नंबर लागतोच. लागला की रक्कम धाडकन तळाला आणि रांगही गायब. याचा आलेख काढला तर करवतीचे दात दिसतात.

खरी गोम पुढेच आहे. माणूस आकड्याला सरावतो. सुरुवातीला पाच कोटी म्हटल्यावर दुकानं गर्दीनं तुंबली होती. काही वर्षांनी पन्नास कोटींनाही कुणी मान वर करीना. मग कंपनीनं जिंकणंच अवघड करून टाकलं. आधी एकोणपन्नास आकड्यांतून सहा निवडायचे होते, म्हणजे एका तिकिटाला एक कोटी चाळीस लाखांत एक संधी. आकडे साठ केले, संधी पाच कोटींत एक झाली. बहात्तर केले, ती साडेपंधरा कोटींत एक झाली. कुणी जिंकत नाही म्हणून बक्षीस साचत राहतं, आणि साचतं म्हणून लोक येतात. हे ऐकून एखाद्याला हसू येईल, पण विक्रीचे आकडे हसत नव्हते, चढत होते. पुढे त्या मोठ्या रकमेचाही लोकांना शीण आला, तेव्हा उंबरठा आणला.

तिकिटं मोबाईलला जोडलेली असल्यानं कोण कधी हलतं याची बारीक नोंद कंपनीकडे होती. त्यावरून उंबरठा प्रत्येकाचा आकडा काढायचा, म्हणजे बक्षीस किती झालं की हा माणूस तिकीट घेतो. त्या आकड्यालाही उंबरठाच म्हणत. एखादा डॉक्टर दोनशे कोटींखाली जागचा हलत नाही, पण त्याच्या बायकोला ऐंशी पुरतात. बक्षीस तिथवर आलं की नेमका त्याच वेळी बाईंच्या मोबाईलवर संदेश. याचा शोध लावणाऱ्यांनाही जे अपेक्षित नव्हतं ते नंतर दिसलं. बहुतेकांचा उंबरठा वर्षागणिक वर चढतो, काहींचा मात्र घसरतो. नोकरी सुटली, मोठं आजारपण आलं, घरातलं माणूस गेलं की दोन-चार महिन्यांत तो खाली येऊ लागतो. ज्याचा शून्यावर आला त्याला बक्षीस केवढं आहे याच्याशी देणंघेणंच उरलेलं नसतं. अशा माणसाला हतबल समजावं आणि तिकीट विकू नये, असं कायदा सांगत होता. त्रिशलाच्या पडद्यावर येत ती हीच माणसं.

त्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधीचं शेवटचं नाव आलं. भूपाल बाबगोंडा आवटी, वय चौऱ्याहत्तर, सांगली. टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. उंबरठा शून्य. पाच वर्षांपूर्वी दर शनिवारी एक तिकीट, आज अकरा. बक्षीस तळाला असो की आभाळाला, अकराच. आकडेही दर वेळी तेच. निष्कर्ष, तीव्र हतबलता. शिफारस, खातं कायमचं बंद.

ते तिचे वडील होते.

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना तिकीट घ्यायला मनाई होती. रुजू होताना तिनं तसा फॉर्म भरून दिला होता. त्यावर छापलेलं होतं, 'विवाहित महिलांनी सासरच्या कुटुंबाची माहिती भरावी.' तिनं सासू, सासरे, दीर, जाऊ, जावेची दोन मुलं अशी सगळी नावं व्यवस्थित भरली. माहेरचं कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते खटकलं नव्हतं.

तिनं 'निर्णय राखून' हे बटण दाबलं. सोमवारी दुपारी बारापर्यंतची सवड मिळाली. त्यानंतर खातं आपोआप बंद होणार होतं.

आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि पाच वर्षांपासून तिकिटं वाढत गेली होती. हे जुळवायला कुठलं यंत्र लागत नव्हतं. ती दर रविवारी दहा वाजता फोन करायची. गोळी घेतली का, जेवला का, बाई येते का. चार मिनिटांत फोन संपायचा. नऊ वर्षं परक्यांच्या घरातली हतबलता शोधत बसले आणि स्वतःच्या बापाचं कळलं नाही, या विचारानं तिला त्या दिवशी डबा गेला नाही.

शनिवारी रजा टाकून सकाळच्या गाडीनं ती सांगलीत उतरली.

"आज शनिवार. आज कशी आलीस?" अण्णांनी दारातच विचारलं. "सगळं बरं हाय न्हवं?"

वाटेत तिनं बरीच प्रस्तावना ठरवून ठेवली होती. ती एकदम बाजूला पडली. "अण्णा, तुम्ही दर शनिवारी अकरा तिकिटं घेता."

"घेतो की."

"कधीपासून?"

"तू बारावीला होतीस तेव्हापासनं. आधी एकच घेत होतो. बाकीचे आपापलं घ्यायचे." त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "आत ये आधी. दारात उभी राहून चौकशी करतीस व्हय?"

मग पोहे खाता खाता सगळं बाहेर आलं. एक्सचेंजमधले अकरा जण होते. प्रत्येकानं आपापल्या घरच्या जुन्या फोन नंबरावरून सहा आकडे बसवले होते आणि ते कधी बदलायचे नाहीत असं ठरलं होतं. शनिवारी पाचला चहाच्या गाड्यावर सगळे जमायचे, तिकिटं काढायचे, गेल्या आठवड्याच्या निकालावरून एकमेकांची टर उडवायचे. कंपनीनं साठ आकडे केले तेव्हा दोघं म्हणाले, आता कसलं लागतंय, आणि यायचे बंद झाले. बहात्तर केल्यावर आणखी तिघांनी नाद सोडला. पुढे कुणी अंथरुणाला खिळलं, चौघं वारले. रक्कम वाढत गेली तसा गाडा ओस पडत गेला.

"त्यांनी सोडलं, तर त्यांची तिकिटं तुम्ही का घेता?"

"मी थांबलो आन नेमका त्याच शनिवारी मगदूमचा नंबर लागला, तर त्याच्या मागं वहिनीला काय तोंड दाखवू?"

"साडेपंधरा कोटींत एक संधी आहे, अण्णा. नाही लागत."

"ते मला कळतंय. पस्तीस वर्षं खांबावर चढलो, मला काय खुळा समजतीस?" अण्णा चिडले नव्हते. त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. "चल माझ्याबरोबर. चपला घाल."

लॉटरीच्या स्टॉलवर त्यांनी अकरा तिकिटं कागदावर छापून घेतली. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि दोघं चालत निघाले.

पहिलं घर इस्माईल नदाफांचं. पक्षाघात होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. अण्णांनी त्यांच्या उशाखालचं मागच्या आठवड्याचं तिकीट काढलं, नवं सरकवलं आणि म्हणाले, "ह्याही खेपेला राहिलास बघ गरीब." नदाफ अर्ध्या तोंडानं हसले. मग वीस मिनिटं अण्णांनी त्यांना गावातल्या बातम्या सांगितल्या. निम्म्या त्यांनी स्वतःच रचलेल्या होत्या हे त्रिशलाला कळत होतं, आणि बहुधा नदाफांनाही.

अशी नऊ घरं झाली. दहावं, शेवटचं, मगदूमांचं. मगदूमवहिनींनी अण्णांसाठी खुर्ची आधीच ओढून ठेवली होती. अण्णा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून भाकऱ्याही लवकर झालेल्या होत्या. बाईंनी तिकीट घेतलं, चष्म्यातून आकडे एकदा वाचले आणि टेलिफोनच्या जुन्या जाडजूड डिरेक्टरीत 'म'च्या पानात ठेवून दिलं. तिथं अशी कितीतरी तिकिटं होती. मग मुलगा बंगळूरहून कसा येत नाही, मोरीचा नळ कसा गळतो, शेजारीण कशी आगाऊ आहे, हे सगळं झालं. अण्णांनी नळाचा वायसर बदलला. तो त्यांच्या खिशातच होता.

परत येताना त्रिशलानं विचारलं, "तिकीट नसतं तरी गेला असता ना तुम्ही?"

"नदाफाकडं गेलो असतो. वहिनीकडं कसा जाणार? ती एकटी, मी एकटा. दर आठवड्याला हा म्हातारा येतो कशाला, असं गल्ली बोलली असती. तिकीट द्यायला येतो म्हटलं की कुणी काय बोलत न्हाई. तिलाबी बोलवायला बरं पडतं."

"आणि निकाल कधी बघता?"

"मी बघत न्हाई. वहिनी बघते."

त्रिशला त्या रात्री माहेरी राहिली. कितीतरी महिन्यांनी ती गाढ झोपली.

सोमवारी सकाळी तिनं एकोणचाळीस नावं बाजूला सारली आणि शेऱ्याची चौकट उघडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती तिथं मनापासून लिहीत होती. तिनं लिहिलं, 'हा एक माणूस नाही, अकरा आहेत, आणि त्यांतला हिंडताफिरता असलेला एक जण बाकीच्यांची तिकिटं घेतो. ही हतबलता नाही, सोबत आहे. तिकीट जिंकण्यासाठी घेतलेलं नाही. मागे राहिलेल्यांच्या दारात जायला काही कारण हवं, म्हणून घेतलेलं आहे. गेलेल्या माणसाचा अंक आपल्या हातून थांबला, असं होऊ नये म्हणूनही घेतलेलं आहे. खातं चालू ठेवावं.' नातं लिहिलं नाही. उघडकीला आलं असतं तर नोकरी गेली असती, आणि मुलीचं कॉलेज अजून दोन वर्षं होतं. चाळीस मिनिटं लागली. बारा वाजायला दहा मिनिटं असताना तिनं अंगठा टेकवला.

कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या शनिवारी अण्णांनी अकरा तिकिटं घेतली, तिसऱ्या शनिवारीही घेतली. त्यांचं नाव पुन्हा यादीत आलं नाही. त्रिशलाला वाटलं, आपल्या हातून या नोकरीत एक तरी काम नीट झालं.

चार महिन्यांनी विक्री विभागाच्या देवस्थळीनं सगळ्यांना बोलावलं. देवस्थळी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तरतरीत, आणि कायम उभ्यानं बोलणारा गृहस्थ. त्यानं भिंतीवर आलेख लावला. डावीकडे नेहमीचे करवतीचे दात. उजवीकडे, गेल्या सहा आठवड्यांत, दात झिजून सपाट झाले होते आणि ती सपाट रेघ उंचावर होती.

"बक्षीस तळाला आहे आणि विक्री शिखराला," देवस्थळी म्हणाला. "लॉटरीच्या धंद्यात हे कुणी पाहिलेलं नाही. याचं श्रेय चौगुले मॅडमना."

त्रिशलाला काही समजेना.

त्यानं समजावून सांगितलं. उंबरठ्याला आजवर एका खात्यात एकच माणूस दिसत होता. मॅडमच्या शेऱ्यानं त्याला नवी गोष्ट कळली, की माणूस दुसऱ्यासाठीही तिकीट घेतो, आणि तसं घेतो तेव्हा त्याला रकमेचा शीण येत नाही. मग यंत्रानं सगळ्या जुन्या नोंदी नव्यानं चाळल्या. वर्षानुवर्षं तेच आकडे लावणारे, मध्येच बंद पडलेले, वारलेले, असे सगळे शोधले. त्यांच्या घरी कोण उरलंय ते शोधलं. आणि त्या उरलेल्यांना संदेश पाठवला.

संदेश भिंतीवर दिसला. 'यांचा अंक या शनिवारी रिकामा जातो आहे. चालू ठेवायचा का?' वर गेलेल्या माणसाचं नाव, खाली त्याचे सहा आकडे.

"दहातले सात जण हो म्हणतात," देवस्थळी म्हणाला. "आणि एकदा हो म्हटलं की थांबत नाहीत. कोण थांबेल? आता आपण महाबक्षीस निम्म्यावर आणतोय. त्याची गरजच उरली नाही."

"हे काढून टाका," त्रिशला म्हणाली. "ही माणसं माझ्या यादीत यायला हवीत. सगळ्यांचा उंबरठा शून्य झाला असेल."

"झालाय. पण ती हतबलता नाही ना, मॅडम. सोबत आहे." देवस्थळी कुत्सितपणे बोलत नव्हता. त्याला ते वाक्य खरोखर आवडलं होतं. "तुमच्या शेऱ्यानं नवा वर्गच तयार झाला. कायदा विभागानं पाहिलंय, व्यवस्थित बसतं."

त्या संध्याकाळी तिनं दुसरा शेरा लिहिला. पहिला मागे घेते, त्याचा अर्थ चुकीचा लावला आहे, असं सविस्तर लिहिलं. दोन सेकंदांत उत्तर आलं, 'मत नोंदवले आहे.' एका बाजूला तिचं मत आणि दुसऱ्या बाजूला अकरा लाख माणसांचं हो, यांत यंत्रानं काय धरायचं ते धरलं. तिनं हात टेकले. नोकरी सोडायचा विचार तिच्या मनात आला, आणि नेहमीसारखा मुलीच्या फीच्या तारखेपाशी येऊन थांबला.

पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी भूपाल आवटी हे नाव पुन्हा तिच्या पडद्यावर आलं, हिरव्या अक्षरांत. चार आठवडे एकही तिकीट नाही. निष्कर्ष, ग्राहक पूर्ण बरा. शिफारस, अभिनंदनाचा संदेश पाठवावा.

तिनं तिथूनच फोन लावला.

"अण्णा, तिकिटं बंद केली?"

"तुला कसं कळलं? व्हय, केली." अण्णांचा आवाज नेहमीसारखाच होता. "वहिनीचा फोन आला हुता. म्हणाली, भावजी, उन्हातनं येऊ नका त्रास घेऊन, मला मोबाईलवरच मिळतंय आता. ह्यांचं नाव घालून येतं बघा. लई आनंदात हुती. नदाफाच्या पोरानंबी तसंच सांगितलं. सगळ्यांचीच सोय झाली. तुमच्या कंपनीचंच हाय म्हणं ते."

"हो."

"चांगलं केलं. म्हातारी माणसं, कुठं वाट बघत बसायची."

"तरी जात जा की, अण्णा. तिकीट नसलं म्हणून काय झालं?"

"वहिनीकडं? काय म्हणून जाऊ?"

"सहज."

"सहज जाऊन बघितलं गेल्या शनिवारी. दार उघडलं आन म्हणाली, काय काम काढलंत भावजी? बाजूच्या खिडकीत शेजारीण हुतीच. मी म्हटलं, नळ गळतोय का बघायला आलो. न्हवता गळत. मग आलो परत." मग त्यांना एकदम आठवलं. "तू कशाला फोन केलास? आज रविवार न्हाई."

"सहजच केला."

"खरं सांग. काय झालंय?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी जेवणाचा डबा उघडत होतं. त्रिशलानं पडद्याकडे पाठ फिरवली. तिला वाटलं, आता नाही सांगितलं तर पुढे कधीच सांगणार नाही.

"मगदूमकाकूंच्या मोबाईलवर ते तिकीट माझ्यामुळं आलं, अण्णा. तुमचं खातं बंद होणार होतं. ते वाचवायला मी तुमचं सगळं त्या यंत्राला लिहून दिलं. तुम्ही का जाता, कुणाकडं जाता, सगळं. त्यावरून त्यानं हे केलं."

अण्णांना ते समजायला वेळ लागला.

"असू दे," ते म्हणाले. "तू काय मुद्दाम केलंस व्हय."

तिनं हात मागे नेऊन पडदा बंद केला.

"पर एक काम कर, त्रिशला. त्या यंत्राला माणसाचं एवढं कळतंय म्हणतीस, तर त्याला विचार आन मला सांग, शनिवारी मी आता करू काय."

तो टोमणा नव्हता. अण्णांना खरंच विचारायचं होतं.